सुईले पोलीस कायले?

धामणखेडच्या पारधी बेड्यावर आरोग्य खात्याची गाडी आली, तेव्हा बेड्यात दोनच बायका उरल्या होत्या. एक जमुना, जिला गुडघ्यांमुळे पळता येत नव्हतं; आणि दुसरी शकुन पवार, जी जमुनाला टाकून पळायला तयार नव्हती. बाकी सगळा बेडा, म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया, कडेवरची पोरं, पलीकडच्या कोरड्या नाल्यात उतरला होता. चुली तशाच पेटलेल्या होत्या आणि तव्यावर भाकरी करपत होत्या.

कारण आरोग्य खात्याच्या गाडीपुढे पोलिसांची गाडी होती.

दोन हजार एकवीसचा उन्हाळा होता. अमरावती जिल्ह्यात कोरोनानं दुसऱ्यांदा डोकं वर काढलं होतं आणि गावोगाव लस द्यायचा वरून तगादा चालला होता. चांदूर रेल्वेकडून आत वळलं की डांबरी रस्ता धामणखेडात संपतो. तिथून कच्च्या वाटेनं गावाच्या बाहेर, सरकारी ई-क्लासच्या पडीक जमिनीवर, फासेपारध्यांची ही वस्ती, हा बेडा. लस इथे आली होती, पण हवालदाराच्या मागे मागे.

"कुठं गेले सारे?" हवालदारानं विचारलं.

"कामाले," शकुन म्हणाली. ती जमुनाच्या दारात उभी होती, पदर खोचून.

"चुली पेटत्या सोडून?"

"चोरी झाली का कुठी?"

"चोरीबिरी नाई. सुई द्याची हाय. कोरोनाची."

"मंग सुईले पोलीस कायले?"

हवालदारानं मागे वळून पाहिलं. मागून मास्कवर चष्मा चढवलेले आरोग्य खात्याचे साहेब पुढे झाले. ते म्हणाले, "तुमचे लोक ऐकत नाहीत, म्हणून बंदोबस्त घ्यावा लागतो."

"सांगतलं कधी, म्हनून आयकलं नाई, साहेब? गावात नत्थुजी पाटलानं तरी घेतली का अजून? त्याच्या दारात गेली का हे गाडी?"

साहेबांनी हातातली यादी उलटली. त्यांच्याबरोबर एक तरुण नर्सबाई होती, खांद्याला लसीचा निळा डबा अडकवलेली. तिनं एकदा शकुनकडे पाहिलं आणि मान खाली घातली. थोडा वेळ उन्हात उभं राहून गाड्या आल्या तशा परत गेल्या. बेड्यानं नकार दिला, अशी खबर त्याच दिवशी तालुक्याला पोचली.

शकुनला लोक भांडकुदळ म्हणत. ती तशी नव्हती, पण प्रश्न विचारायची सवय तिला लहानपणीच लागली होती. तिचं माहेर अकोल्याच्या बाजूचं. बाप फासे लावून तितर-लाव्हे धरायचा. पुढे कायद्यानं ते बंद झालं, तेव्हा मजुरी करू लागला. आजूबाजूच्या कुठल्याही शिवारात मोटारपंप गेला, बकरी हरवली, की पहिल्यांदा तिच्या बापाला उचलायचे. इंग्रजांनी या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि इंग्रज गेले, कायदा गेला, तरी शिक्का काही निघाला नाही. बापाला नेलं की मोठी लेक म्हणून शकुन फडक्यात भाकर बांधून ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "माया बापानं काय केलं, सांगा." एखादा हसायचा, एखादा हाकलायचा. पण विचारत राहिलं की कधीतरी कोणीतरी वैतागून बापाला सोडतं, एवढं तिला कळलं होतं.

लग्न होऊन ती धामणखेडच्या बेड्यात आली. नवरा चंदन अबोल माणूस. दोघांनी बेड्यामागचा पडीक तुकडा साफ करून त्यात ज्वारी-तूर पेरायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुमाराला शकुन पोहऱ्याच्या जंगलातून सीताफळं आणायची आणि टोपली डोक्यावर घेऊन बडनेरा स्टेशनबाहेर बसायची. तिची सीताफळं तिथे प्रसिद्ध होती. डोळे उघडलेलं, नेमकं उद्या पिकणारं फळ ती हातानं निवडून द्यायची. गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा तिच्याकडेच यायची. तरी त्यातल्या कितीतरी बाया पर्स छातीशी घट्ट धरून भाव करायच्या. शकुनला ते दिसायचं. ती चेहऱ्यावर काही दाखवायची नाही, आणि फळही कधी वाईट द्यायची नाही.

दवाखान्याशी मात्र तिनं कायमचा अबोला धरला होता. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली होती. कळा सुरू झाल्यावर आईनं तिला तिकडच्या एका सरकारी दवाखान्यात नेलं. "पारधीण आहे, आधी आंघोळ घालून आणा," असं म्हणून तिथल्या बाईनं दोघींना व्हरांड्यात बसवलं. आंघोळ कुठे घालणार? पाण्याच्या टाकीमागे, आईच्या हातावर, शकुनला मुलगी झाली. आतून शेवटपर्यंत कोणी आलं नाही. पोर जगली, धडधाकट वाढली, आज बडनेऱ्याला सासरी नांदते. पण पुढची दोन्ही बाळंतपणं शकुननं झोपडीतच केली. ताप येवो, विंचू चावो, ती दवाखान्याची पायरी चढली नाही.

आणि जमुनाचं दुःख तर त्याहून जुनं. जमुना शकुनची चुलत सासू. ऐन तरुणपणी एक जीप बेड्यावर आली होती. ताकदीची सुई देतो, वर डालडाचा डबा देतो, असं सांगून बायकांना एका शिबिरात नेलं. परत आल्या तेव्हा जमुनाच्या पोटावर टाके होते. कशाचे, ते कोणी सांगितलं नाही. पदरात एकच मुलगा होता, तो पुढच्या पावसाळ्यात तापानं गेला. मग तिची कूस पुन्हा भरलीच नाही. वर्षं गेली, तेव्हा कुठे तिला समजलं, की त्या दिवशी आपली नसबंदी करून टाकली होती.

अशा बेड्यात "तुमच्या भल्याची सुई" म्हणत कोणी आलं, तर लोक नाल्यात उतरणार नाहीत तर काय करणार?

गाड्या परत गेल्या आणि गावाचा नूर बदलला. धामणखेडात दोन-तीन माणसं कोरोनानं गेली होती. गावकरी घाबरलेले. घाबरलेल्या माणसाला बोट दाखवायला कोणीतरी लागतंच. "हे पारधी गावोगाव हिंडतात, यायनंच रोग आनला," अशी हवा उठली. किराणा दुकानदारानं बेड्यातल्या बायकांना ओट्याखाली थांबवून सामान फेकून द्यायला सुरुवात केली. सरपंच किसनराव येऊन सांगून गेले, "सुई घेतल्याशिवाय बेड्यातल्या कोनी गावात पाय ठेवाचा नाई."

"अन् गावातल्यायनं?" शकुननं विचारलं. "तुमी घेतली का, सरपंच?"

किसनरावांनी घेतली नव्हती. गावातही कोणी कोणी म्हणत होतं की सुई घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो. पण गावानं नाही म्हटलं तर ती शंका होती, आणि बेड्यानं नाही म्हटलं तर तो अडाणीपणा. शकुनच्या मनाला हे फार लागलं.

चार-आठ दिवसांनी ती नर्सबाई पुन्हा आली. या वेळी एकटी, स्कूटीवर. डबाही नव्हता. तिचं नाव दीपमाला. तिवस्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, धामणखेडच्या उपकेंद्रात नवीनच लागलेली. पोरांनी तिला पाहिलं आणि पुन्हा पळापळ झाली, पण पोलीस दिसेनात, तेव्हा एकेक जण परत आला.

शकुननं खाट टाकली, लोटाभर पाणी आणून पुढे केलं. दीपमालानं हात जोडले.

"नको, ताई."

शकुनचा चेहरा आक्रसला. "आमच्या घरचं पानी चालत नाई, असं सांगा की मंग."

"मास्क काढाव लागते पिवाले," दीपमाला म्हणाली. "दिवसभर पेशंट पाहून राह्यली मी. माह्याच अंगात रोग असन तर तुमच्या लेकराले लागन. पाटलाच्या घरी चहा ठेवला होता, तोही नाई पेली. हवं तं विचारून या."

शकुननं तिच्या डोळ्यांत पाहिलं. मास्कच्या वर तेवढेच दिसत होते. ते डोळे हटले नाहीत. शकुननं लोटा खाली ठेवला आणि समोर बसली.

"सांगा मंग. काय हाय त्या सुईत?"

दीपमालानं सांगितलं. सोपं करून सांगितलं, पण खोटं गोड केलं नाही. दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. क्वचित एखाद्याला जास्त त्रास होतो. घेतली म्हणजे रोग होणारच नाही असं नाही, पण मरणाची पाळी फार करून टळते. तिनं स्वतः घेतली होती, तिच्या आईनं घेतली होती.

"पोट नाई ना फाडत?" मागून जमुनाचा आवाज आला.

दीपमालाला कळलं नाही. शकुननं तिला जमुनाची गोष्ट सांगितली. सांगताना जमुना मध्येच थांबवायची, "जीप हिरवी होती," "डालडा मिळालाच नाई." दीपमाला ऐकत राहिली. उठून ती जमुनाजवळ जमिनीवर येऊन बसली.

"आजी, ते चूक होतं," ती म्हणाली. "तुमाले न विचारता तुमच्या अंगाले हात लावला, ते चूकच होतं. आमच्याच खात्यानं केलं ते."

जमुनाचा हात पोटावर गेला. मग म्हणाली, "इतके साल झाले. असं कोनी म्हनलं नाई."

त्या दिवशी कोणी सुई घ्यायला तयार झालं नाही. दीपमालानंही घाई केली नाही. शकुनच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर टाकून ती निघून गेली.

मग सहदेव आजारी पडला. सहदेव शकुनचा धाकटा दीर, पोटच्या पोरासारखा वाढवलेला. अमरावतीला हमाली करायला जायचा. ताप घेऊन आला आणि तिसऱ्या दिवशी त्याला धड बोलता येईना, इतका दम लागला. बेड्यातली माणसं म्हणाली, देवीला कौल लावू. शकुननं देवीला हात जोडले आणि दीपमालाला फोन केला.

ॲम्ब्युलन्सवाला बेड्यात यायला कां-कूं करत होता. दीपमालानं त्याला फोनवर काय सुनावलं कोण जाणे, पण गाडी थेट झोपडीपर्यंत आली. शकुन दिराबरोबर आत चढून बसली. ज्या दवाखान्याची पायरी तिनं इतकी वर्षं चढली नव्हती, त्याच्या दारात ती उतरली. आता म्हणतील, आंघोळ घालून आणा. ती मनातल्या मनात भांडायची तयारी करत होती.

कोणी तसं म्हटलं नाही. अंगभर पांढरा कागदी झगा घातलेल्या दोघांनी सहदेवला उचलून नेलं. त्याच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. वॉर्डात जायची परवानगी नव्हती, पण दाराच्या काचेतून तिला दिसायचं. एक नर्स त्याच्या तोंडाला आलेला फेस पुसत होती, आईनं पुसावा तसा. शेजारच्या खाटेवर सोन्याच्या चेनवाला एक माणूस होता. त्यालाही श्वास पुरत नव्हता. बाहेर व्हरांड्यात त्याची बायको शकुनच्या शेजारी फरशीवर बसून राहायची. दोघी एकमेकींची जात न विचारता एकमेकींचा डबा राखायच्या.

चेनवाला माणूस आधी गेला. सहदेव त्याच्यामागून गेला.

शकुन बेड्यात परतली ती एकटीच. आणि बेडा तिच्यावर उलटला. "दवाखान्यात नेला म्हनून मेला," लोक तोंडावर म्हणाले. सहदेवच्या बायकोनं तिच्याशी बोलणं सोडलं. चंदन भावासाठी भिंतीकडे तोंड करून रडत असे. तो बायकोला एका शब्दानं बोलला नाही, पण तिच्या बाजूनंही बोलला नाही. शकुनच्या आयुष्यात एवढे वाईट दिवस पूर्वी आले नव्हते. पोलिसांशी भांडणं सोपं होतं. आपल्याच माणसांपुढे तिला शब्द सुचत नव्हते.

पण तिनं जे पाहिलं होतं, ते तिला खोटं करता येईना. सहदेव सुईनं मेला नव्हता. त्याला सुई मिळाली असती तर कदाचित वाचला असता. आणि दवाखान्यात वाईट माणसं असतात तशी तोंडाचा फेस पुसणारीही असतात. व्हरांड्यात बसून तिनं याचा विचार पुष्कळ केला होता. कोणी विचारलं नव्हतं तरी एक दिवस ती जमुनाजवळ बोलली, "काकी, मी घेतो सुई."

"घे," जमुना म्हणाली. "मीबी घेतो. पन पकडून नेल्यावानी नाई घेनार."

हेच शकुनच्याही मनात होतं.

गावात लसीचं शिबिर ठरलं होतं, शाळेत. बेड्यासाठी किसनरावांनी वेगळी सोय केली होती. गावाचं आटोपलं, की उरलेली लस स्मशानाकडच्या शेडमध्ये नेऊन पारध्यांना द्यायची. शकुनला हे कळलं तशी ती ग्रामपंचायतीत गेली. किसनराव, दोघं-तिघं सदस्य आणि शिबिराची व्यवस्था बघायला आलेली दीपमाला बसली होती.

"सरपंच, आमी सुई घेनार," शकुन म्हणाली.

"वा! मंग झालंच की."

"शाळेत घेनार. गावासंगं, एकाच रांगेत. ज्या खुर्चीवर तुमी बसान, त्याच खुर्चीवर आमी बसू. स्मशानाच्या शेडात कोनी येनार नाई. अन् पोलिसाची गाडी दिसली तं एकही बाई घराबाहेर निंघनार नाई."

किसनरावांनी सदस्यांकडे पाहिलं. "शकुन, लोक नाई आयकनार व. तुमी रांगेत दिसल्या तं गावचे लोक घरीच बसतीन."

"तसेही घरीच बसून हायेत ना?"

दीपमाला हसू दाबत म्हणाली, "ते खरं आहे, सरपंच. मागच्या दोन वेळा मी शाळेत बसून परत गेली. एक बाटली उघडली की दहा जन तरी लागतात, नाहीतर औषध वाया जाते. चार-पाचच्या वर मानसं जमली नाईत. नत्थुजी पाटील दर वेळी येतात अन् सुई न घेता घरी जातात. बेडा आला तर बाटली उघडता येईल."

किसनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. फक्त गाव काय म्हणेल याला फार भ्यायचे. "अन् यायचे आधार कार्डं? निम्म्याले तं नाईत."

"त्याचं मी वर विचारून ठेवलं आहे," दीपमाला म्हणाली. "होते सोय."

"बरं बाप्पा," किसनराव अखेर म्हणाले. "या शाळेत."

आता खरं काम पुढेच होतं. बेड्यात जाऊन शकुननं कोणाला घ्याच म्हणून सांगितलं नाही. तिनं सगळ्यांना निंबाखाली बसवलं आणि सहदेवचे शेवटचे दिवस सांगितले. काचेतून जे दिसलं, ते सगळं. सहदेवची बायको लांब पाठ करून बसली होती, पण उठून गेली नाही. शकुननं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "मी त्याले माराले नाई नेलं. जगवाले नेलं होतं. उशिरा नेलं, येवढंच माह्यं चुकलं. आता परवा मी शाळेत चालली. ज्याले याचं त्यानं या, नाई याचं त्यानं नका येऊ. मायावर कोनाची जबरदस्ती नाई, माही कोनावर नाई."

शिबिराच्या दिवशी सकाळी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. जमुनाला चंदननं सायकलवर बसवलं आणि तो ती हातानं ढकलत निघाला. शकुनला वाटलं होतं, मागे कोणी नसेल. नाला ओलांडून तिनं वळून पाहिलं, तर बायका येत होत्या. एकेकटी, दोघी-दोघी, नवीन नसली तरी धुतलेली लुगडी नेसून. त्यांच्यामागे काही पुरुष. आणि सगळ्यांच्या शेवटी, पदर तोंडावर धरून, सहदेवची बायको. गावात तेव्हा पंचेचाळीसच्या पुढच्यांनाच सुई मिळत होती आणि तिचं वय त्यात बसत नव्हतं, तरी ती आली होती.

धामणखेडाच्या रस्त्यानं बेडा असा भर दिवसा, कामाशिवाय, भीक मागायला किंवा जबानी द्यायला नाही तर स्वतःच्या मर्जीनं चालत जाताना गावानं पहिल्यांदाच पाहिला. लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. किराणा दुकानदार तराजू हातात धरून बघत राहिला.

शाळेच्या दारात ग्रामपंचायतीच्या शिपायानं हात आडवा केला. "गाववाले इकून, पारधी तिकून."

"एकच रांग ठरली हाय," शकुन म्हणाली. "सरपंचाले विचार."

शिपायानं किसनरावांकडे पाहिलं. किसनराव आतल्या खुर्चीवरून उठले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर सगळा गाव उभा राहिल्यासारखा दिसला. मग ते म्हणाले, "एकच रांग. येऊ दे."

रांगेत पहिले नत्थुजी पाटील होते. ऐंशीकडे झुकलेले, साखरेचा आजार असलेले, काठी टेकत आलेले. बाटली उघडायला माणसं कधी भरतात याची वाट बघत ते सकाळपासून ताटकळले होते. बेड्याची माणसं आत आली तसा म्हातारा खूष झाला.

"या व बायांनो, या! तुमच्यापायी आज माहाबी नंबर लागला." त्यांनी जमुनाकडे पाहिलं, ती चंदनच्या खांद्याला धरून कशीबशी उभी होती. नत्थुजी काठीवर भार देऊन उठले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस बाई. तुले उभं राहवत नाई."

जमुना बसली. पाटलाच्या खुर्चीवर. आणि त्यामुळे सुईचा पहिला नंबर तिचाच लागला.

दीपमालानं बाटली उघडली, सुई भरली आणि पुढे झाली. जमुनानं दंड उघडा केला, पण हात उचलून तिला थांबवलं.

"विचार मले."

"काय, आजी?"

"आधी विचार. साऱ्यायपुढे."

दीपमालाला समजलं. ती सरळ उभी राहिली आणि शाळेच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जमुनाबाई पवार, तुमाले कोरोनाची लस द्याची आहे. देऊ का?"

जमुनानं डोकं वर केलं. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, की शकुनला तिची तरुण वयातली छबी दिसल्यासारखी वाटली.

"हाव," जमुना म्हणाली. "मी म्हनतो, दे. आता दे."

त्यानंतर दीपमालानं प्रत्येकाला विचारलं. नत्थुजी पाटलांना विचारलं, तेव्हा तेही गंभीर होऊन "हाव, दे" म्हणाले. शकुनलाही विचारलं. ती नुसती मान हलवणार होती, पण तिनं खाकरून स्पष्ट "दे" म्हटलं. ओट्यांवरून बघणाऱ्यांपैकी काही जण उठून शाळेत आले आणि बेड्याच्या मागे रांगेत उभे राहिले. त्यात तो किराणा दुकानदारही होता. एक बाटली संपली, दुसरी उघडावी लागली.

संध्याकाळी बेड्यात बऱ्याच जणांना ताप चढला. पुन्हा कुजबूज सुरू झाली. शकुनलाही ताप होता, पण डोक्याला फडकं बांधून ती झोपडी-झोपडीत गेली, कोणाला गोळी दिली, कोणाजवळ नुसती बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळे उठून कामाला लागले. जमुना म्हणाली की तिला काहीच झालं नाही, उलट गुडघे बरे वाटतात. दीपमालानं सांगितलं की सुईनं गुडघे बरे होत नाहीत. जमुनानं ते मानलं नाही.

सगळेच काही तयार झाले नाहीत. खुद्द चंदननं त्या दिवशी सुई घेतली नव्हती. जमुनाला पोचवून तो शाळेबाहेर झाडाखाली बसून राहिला होता. तरुणपणी कोठडीत त्याला जे भोगावं लागलं होतं, त्यानंतर सरकारी माणसानं अंगाला हात लावला की त्याचं अंग थरथरायचं. शकुननं त्याला टोमणा मारला नाही, कोणाला मारूही दिला नाही. पावसाळ्यानंतर एकदा दीपमाला बेड्यावर आलेली असताना तो आपण होऊन तिच्यापुढे येऊन बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "विचारा." तेव्हा बेड्यातल्या बायका हसल्या, आणि शकुन मात्र झोपडीत जाऊन रडली.

धामणखेडचा बेडा तयार झाला, ही बातमी इतर बेड्यांत पसरली. नात्यागोत्यातून फोन येऊ लागले. दिवाळीच्या आधी अकोल्याच्या बाजूचे एक अधिकारी दीपमालाचा नंबर शोधून काढून तिच्यामार्फत शकुनपर्यंत पोचले. त्यांच्या तालुक्यातल्या एका बेड्यात अजून एकानंही लस घेतली नव्हती. बाईंनी येऊन लोकांना समजवावं, गाडी पाठवतो, असं ते म्हणाले.

"मी समजवनार नाई," शकुन फोनवर म्हणाली. "ते नासमज नाईत. मी काहून घेतली, येवढं सांगीन. अन् तुमी त्यायचं आयकून घ्या. चालते का?"

"चालतं," अधिकारी म्हणाले.

"अन् साहेब, तुमच्या गाडीत खाकीवाला नाई पाह्यजे."

सीताफळाचे दिवस होते. तिनं एक टोपली भरून बरोबर घेतली. बेड्यापाशी गाडी थांबली तेव्हा नेहमीसारखीच पळापळ झाली, कुत्री भुंकली, दारं लागली. अधिकारी उतरू लागले. शकुननं त्यांना बसूनच राहायला सांगितलं. ती एकटी उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि त्यांच्या-तिच्या पारधी बोलीत मोठ्यानं हाक दिली, की मी धामणखेडची शकुन, तुमच्यातलीच, सीताफळं घेऊन आले आहे, बसायला जागा द्या.

थोड्या वेळानं एका झोपडीचं दार उघडलं. एक म्हातारी बाहेर आली, तिनं खाट बाहेर ओढली आणि अंगणात टाकली.